घर बदलताना : यंत्र जुने, हात ओळखीचा

परिचयातील एका आजींच्या वॉशिंग मशीनवर दोन टिकल्या चिकटवलेल्या होत्या; एक हिरवी, एक लाल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक अक्षरे नीटशी दिसत नसत, म्हणून सुनेनेच ही युक्ती काढली होती. हिरव्या टिकलीपाशी खटका फिरवला की यंत्र सुरू, लाल टिकलीपाशी आणला की बंद. ऐंशीच्या घरातील त्या आजी स्वतःचे आणि आजोबांचे कपडे रोज स्वतः धूत. सोसायटीचा पुनर्विकास सुरू होता म्हणून हे कुटुंब तीन वर्षे भाड्याच्या घरात राहिले. ते घर सोडताना मुलांनी मायेपोटीच जुने यंत्र भंगारात दिले आणि काचेच्या पट्टीवर बोट टेकवून चालवायचे नवे यंत्र आणले. आजींच्या कोरड्या, सुरकुतलेल्या बोटाला ती पट्टी दाद देईना. पंधरा दिवसांत त्यांनी कपडे धुणे सोडून दिले. कोणी विचारले, तर म्हणत, "आता माझ्याच्याने होत नाही."

होत नव्हते ते वयामुळे नव्हे, यंत्र बदलल्यामुळे. पण घरातील सर्वांनी ते वयाच्या खात्यावर मांडले, आणि हळूहळू आजींनीही ते मान्य केले.

भाड्याचे घर सोडताना आपण स्वतः विकत घेतलेल्या फ्रिज, गिझर, एसी, वॉशिंग मशीन, जलशुद्धीकरण यंत्र या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न बहुधा पैशांचा आणि जागेचा म्हणून सोडवला जातो. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर तो आरोग्याचाही प्रश्न असतो. वृद्ध माणसासाठी यंत्राचे मोल भंगारवाल्याच्या काट्यावर ठरत नाही. त्या यंत्राच्या आधाराने तो दिवसातील किती कामे स्वतःची स्वतः करू शकतो, यावर ते ठरते. हे एक सूत्र मनाशी ठेवले, तर पुढचे पुष्कळ निर्णय सोपे होतात.

आधी यादी, मग बांधाबांध

घर सोडण्याच्या साधारण दीड महिना आधी एक वही घेऊन घरातील प्रत्येक यंत्राची नोंद करावी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ते कोणाचे आहे, चालू स्थितीत आहे का, आणि ते कोण वापरते.

'कोणाचे' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो. पंखे घरमालकाचे, पण आजोबांच्या खोलीतील एक आपण बदललेला. गिझर आपला, पण त्याची नळजोडणी मालकाची. स्नानगृहातील आधाराचे दांडे आपण बसवलेले. भाडेकराराला वस्तूंची यादी जोडलेली असेल, तर ती काढून ताडून पाहावी. नसेल, तर खरेदीच्या पावत्या शोधाव्यात आणि मालकाशी आधीच बोलून 'हे आमचे, हे तुमचे' असे लिहून घ्यावे. शेवटच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना होणारा वाद वृद्ध माणसाच्या रक्तदाबाला मुळीच मानवत नाही.

याच वहीत एक चौथा रकाना असावा : भाड्याने आणलेली रुग्णोपयोगी उपकरणे. वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही साधने अनेकदा दुकानातून किंवा सेवाभावी केंद्रातून अनामत भरून आणलेली असतात. ती आपली नाहीत आणि मालकाचीही नाहीत. ती दुसऱ्या पत्त्यावर नेण्यापूर्वी संबंधितांना कळवावे आणि अनामतीची पावती जपून ठेवावी.

काय न्यावे, काय सोडावे

प्रत्येक यंत्राबाबत पुढील प्रश्न विचारावेत, आणि ते वृद्ध व्यक्तीला समोर बसवून विचारावेत.

पहिला प्रश्न : हे यंत्र आजी-आजोबा स्वतः चालवतात का? चालवत असतील आणि ते सुरक्षित असेल, तर न्यावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. नवी गोष्ट शिकण्याची शक्ती कमी होत असतानाही हाताला पडलेली जुनी सवय बराच काळ टिकते. मिक्सरचा ओळखीचा खटका, रेडिओचे गोल बटण, जुन्या टीव्हीचा रिमोट यांत ती सवय साठवलेली असते. घर बदलले, खिडक्या बदलल्या, शेजार बदलला. अशा वेळी निदान हाताखालची वस्तू तीच राहिली, तर नव्या जागेत रुळणे सोपे जाते.

दुसरा प्रश्न : ते सुरक्षित आहे का? वायरचे वेष्टन तडकले असेल, हात लावताच झिणझिण्या येत असतील, गिझरच्या टाकीला गंज चढला असेल, तर माया बाजूला ठेवून यंत्र निकाली काढावे. फ्रिजच्या दाराचे रबर सैल पडले असेल, तर ते बदलून भागते का, हे आधी पाहावे.

तिसरा प्रश्न : नव्या घरात त्याची गरज आहे का? जलशुद्धीकरण यंत्राचे उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. नव्या घरी येणाऱ्या पाण्यातील क्षार या मर्यादेच्या बरेच आत असतील, तर आरओ पद्धतीचे यंत्र नेण्याचे कारण उरत नाही. साधे गाळणी यंत्र किंवा उकळलेले पाणी पुरते. उलट बोअरवेलचे जड पाणी असेल, तर तेच यंत्र आवश्यक ठरते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे आणि मग निर्णय घ्यावा.

नवे यंत्र घ्यावेच लागले, तर ऊर्जा बचतीचे तारे जरूर पाहावेत. पण खटका हाताने फिरवता येतो का, अक्षरे मोठी आहेत का, हेही पाहावे. दुकानात वृद्ध व्यक्तीला सोबत नेऊन तिच्या हाताने ते चालवून पाहणे सर्वांत उत्तम.

एखादी वस्तू टाकून द्यायचे ठरले, तर तेही मोकळेपणाने सांगावे. आजोबा झोपलेले असताना त्यांचा टेपरेकॉर्डर गुपचूप काढून देणे हे सोयीचे असते, पण त्यातून मनात बसणारा अविश्वास पुढे औषधे देतानाही आडवा येतो.

यंत्र काढताना

या भागातील कोणतेही काम वृद्धांनी स्वतः करू नये, हा पहिला नियम. पंखा उतरवण्यासाठी स्टुलावर चढणे, फ्रिज सरकवणे, माळ्यावरचे खोके ओढणे यांतून होणारी एक पडझड खुब्याचे हाड मोडायला पुरेशी असते. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पंधरा किलो पाणीच असते. इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ किलोंची असू शकते आणि तिच्यात आम्ल असते.

फ्रिज : आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि आतून कोरडा पुसावा. नेताना उभाच न्यावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. नव्या घरी पोहोचल्यावर तो काही तास, आणि आडवा न्यावा लागला असेल तर शक्यतो रात्रभर, उभा ठेवून मगच सुरू करावा.

वॉशिंग मशीन : नळ बंद करून आतील पाणी पूर्ण काढावे. समोरून उघडणाऱ्या यंत्राचा ड्रम पक्का धरून ठेवण्यासाठी खरेदीच्या वेळी काही बोल्ट मिळालेले असतात. ते नेताना बसवावेत आणि सुरू करण्यापूर्वी आठवणीने काढावेत.

एसी : जाणकार कारागीर आधी आतील वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि मगच नळ्या सोडवतो. वायू हवेत सोडून देणाऱ्याला काम देऊ नये. भिंतीची भोके बुजवण्याचे काम कोणाचे, हे मालकाशी आधीच ठरवावे.

गिझर : विजेचा मुख्य खटका बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. मगच प्लंबरने ते काढून जोडणीची तोंडे बंद करावीत.

जलशुद्धीकरण यंत्र : टाकी रिकामी करावी. साचलेले पाणी प्रवासात तसेच ठेवू नये. नव्या घरी बसवल्यावर गाळण्या तपासून घ्याव्यात आणि पहिल्या टाकीचे पाणी पिऊ नये.

इन्व्हर्टर : वायरमनकडूनच सोडवून घ्यावा. बॅटरी उभीच ठेवावी आणि कपड्यांच्या किंवा अंथरुणांच्या गाठोड्यांबरोबर नेऊ नये.

गॅस : दुसऱ्या गावी जायचे असेल, तर सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून त्याची पावती घ्यावी. त्या वेळी जोडणीची अनामत परत मिळते आणि पावतीच्या आधारे नव्या गावी जोडणी घेता येते. त्याच शहरात राहणार असाल, तर वितरकाकडे पत्ता बदलून घ्यावा. पाइप गॅसची जोडणी घराबरोबरच राहते. शेगडी तेवढी आपली. येथे एक धोका अनेकांना ठाऊक नसतो. पाइप गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांसाठी शेगडीची जेट वेगवेगळी असतात. पाइप गॅसवरची शेगडी तशीच सिलिंडरला जोडली, तर ज्वाला भलतीच मोठी होते. अधिकृत कारागिराकडून जेट बदलून घेतल्याशिवाय ती पेटवू नये. रबरी नळीवर छापलेली मुदतही याच वेळी पाहून घ्यावी.

हलण्याच्या दिवशी औषध आणि श्वास

फ्रिज बंद होतो, तेव्हा त्यातील इन्सुलिनही बेघर होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. फ्रिज आदल्या रात्री बंद, दुसऱ्या दिवशी प्रवास, मग उभा ठेवण्याचे तास आणि पुन्हा गार होण्याचे तास, असा हिशेब केला तर दीड-दोन दिवस सहज जातात. म्हणून शिल्लक साठा आदल्या सायंकाळीच शेजारी किंवा नातेवाइकांच्या फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. प्रवासात थंड पिशवी वापरताना बर्फ थेट बाटलीला लागणार नाही, असे कापड मध्ये असावे. वापरात असलेले पेन किंवा बाटली साधारणपणे ३० अंशांच्या आतील तापमानात बहुतेक प्रकारांबाबत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. काचबिंदूचे काही थेंबही न उघडलेले असताना फ्रिजमध्येच ठेवायचे असतात, त्यांची आठवण ठेवावी.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे घरातून सर्वांत शेवटी निघणारे आणि नव्या घरात सर्वांत आधी सुरू होणारे यंत्र. ते उभेच न्यावे आणि त्याची जाळी स्वच्छ असावी. प्रवासापुरता भरलेला लहान सिलिंडर रेग्युलेटरसह सोबत असावा. प्रवाह किती ठेवायचा, हे डॉक्टरांना आधी विचारावे. सिलिंडर गाडीत घट्ट बांधलेला असावा आणि जवळपास कोणीही विडी-सिगारेट पेटवू नये. झोपेत श्वास अडणाऱ्यांचे सीपॅप यंत्र नेताना त्यातील पाण्याची डबी रिकामी करावी, अन्यथा पाणी यंत्रात शिरते.

औषधे, चष्मा, श्रवणयंत्र व त्याचा चार्जर किंवा सेल, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक आणि फाइल यांची एक पिशवी वेगळी करावी. ती टेम्पोत न ठेवता माणसाच्या हातात असावी.

विकणे, देणे, मोडीत काढणे

विकायचे यंत्र चालू अवस्थेत दाखवून विकावे. ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या ज्येष्ठांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असे म्हणणारा ग्राहक नसून भामटा असतो. यंत्र पाहायला अनोळखी माणूस येणार असेल, तेव्हा घरात आणखी कोणी असावे. टीव्ही किंवा मोबाइल देण्यापूर्वी त्यावरील आपली सर्व खाती बंद करावीत.

मालक किंवा पुढील भाडेकरू एसी, गिझर विकत घेण्यास तयार असतील, तर काढण्या-बसवण्याचा खर्च वाचतो. मात्र किंमत किती, ती कधी मिळणार आणि अनामतीच्या हिशेबात कशी धरणार, हे लिहून घ्यावे.

वॉकर, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची अशी साधने स्वच्छ करून रुग्णोपयोगी साहित्य केंद्राला दिल्यास दुसऱ्या घराला आधार मिळतो. सीपॅपचा मुखवटा, नेब्युलायझरची नळी यांसारखे शरीराशी संबंध येणारे भाग मात्र दुसऱ्याला देऊ नयेत.

निकामी यंत्र रस्त्याकडेला ठेवणे किंवा कोणत्याही फेरीवाल्याला देणे योग्य नव्हे. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ साली आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. फ्रिज, एसी, टीव्ही यांच्याप्रमाणे वैद्यकीय उपकरणेही त्यांच्या कक्षेत येतात. अशी यंत्रे अधिकृत संकलकाकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावीत. नवे यंत्र घेताना दुकानदार जुने घेतो का, हेही विचारावे. आजच्या अनेक फ्रिजमधील वायू ज्वालाग्राही असतो. त्याच्या नळ्या अंगणात कापू देऊ नयेत. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीत शिसे असते. ती विक्रेत्याकडे परत दिल्यास मोडीचे पैसेही मिळतात. पाऱ्याचे जुने रक्तदाबमापक किंवा तापमापक माळ्यावर सापडले, तर ते फुटू न देता वेगळे ठेवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. फुटलेच, तर खिडक्या उघडून मुलांना दूर न्यावे. पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये.

ताबा आणि अनामत

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. परवाना रद्द झाल्यावर परवानाधारकाला जागा सोडण्यासाठी व तेथे ठेवू दिलेला आपला माल हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळते, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ६३ सांगते. पण या आधारावर 'फ्रिज राहू द्या, पुढच्या महिन्यात नेऊ' असे म्हणत ताबा अडवून ठेवू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा ताबा मुदत संपल्यावरही न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. सामान मागे ठेवणे अपरिहार्य असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी.

घर रिकामे झाल्यावर प्रत्येक भिंतीचे, जोडणीचे आणि वीज मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढावे. किल्ल्या देताना दोन ओळींची ताबापावती करून दोघांनी सह्या कराव्यात. सोसायटीचे सामान नेण्याचे पत्र आणि लिफ्टची वेळ दोन दिवस आधीच ठरवावी. लिफ्ट बंद म्हणून चार मजले उतरण्याची वेळ हृदयविकार असलेल्या आजोबांवर येऊ नये.

आधी यंत्रे, मग माणसे

शक्य असेल तर वृद्ध व्यक्तीला सामानाबरोबर नेऊ नये. तिची खोली आणि स्नानगृह आधी तयार करावे. आधाराचे दांडे पहिल्या स्नानापूर्वी भिंतीवर हवेत, आठ दिवसांनी नव्हेत. गिझर, एसी यांना सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट असावे आणि अर्थिंग तपासलेले असावे. गिझरच्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी असल्यास विजेच्या धक्क्यापासून संरक्षण मिळते. वृद्धांची त्वचा पातळ असते, म्हणून गिझरचे तापमान कमीच ठेवावे आणि बादलीत आधी गार पाणी घेण्याची सवय सांभाळावी. वाटेत आडवी पडलेली एकही वायर नसावी.

यंत्रे जुन्याच क्रमाने लावावीत. पूर्वी पलंगाच्या उजव्या हाताला रेडिओ होता, तर येथेही तो उजव्याच हाताला असावा. मिक्सर ओट्याच्या त्याच बाजूला असावा. जुन्या घरातून निघण्यापूर्वी या जागांची छायाचित्रे काढून ठेवली, तर काम सोपे होते.

नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ देण्याची आपली रीत आहे. ते दूध घरातील ज्येष्ठ बाईच्या हातून, तिच्या ओळखीच्या शेगडीवर, तपासून घेतलेल्या नळीसह तापू द्यावे.

त्या आजींच्या घरी पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. नातीच्या लक्षात आले की आजी कपडे धूत नाहीत ते थकव्यामुळे नव्हे. तिने घरातून विरोध असतानाही ते काचेचे यंत्र बदलून फिरत्या खटक्याचे साधे यंत्र आणवले. मग आजींच्या कपाटातील टिकल्यांचे पाकीट काढून त्यावर दोन टिकल्या लावल्या. एक हिरवी, एक लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर आजोबांचे सदरे वाळत होते.